‘भरपूर’ म्हणजे किती?

मित्रांनो, मी एक जुनी अधोली आहे. तुमच्यातल्या पुष्कळांना हा शब्द माहीत नसेल, म्हणून आधीच सांगते. अधोली म्हणजे धान्य मापायचं भांडं. दोन अधोल्या भरल्या की एक पायली होते. किलो आला आणि आमची जात मागं पडली. त्याचं मला दुःख नाही, किलो खरा आहे. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे, आणि ती सांगताना मी गोड बोलणार नाही. गोड बोलण्यानंच आमच्या गावाचं एकदा वाटोळं व्हायची वेळ आली होती.

माझा जन्म मंद्रूपपासून चार कोसांवरच्या एका लहान गावातला. एका वैशाखात वळवाच्या वाऱ्यानं ओढ्याकाठची मोठी बाभूळ मुळासकट लोळवली. गावच्या सुतारानं तिच्या बुंध्याचा एक ठोकळा घेतला, आतून कोरला, तोंडाला लोखंडी कडं ठोकलं, आणि महिपतीच्या हातात दिला. तो ठोकळा म्हणजे मी. महिपतीला तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती.

म्हणजे मी वादळातूनच आले. लोक निसर्गाचा कोप म्हणतात. मला ते पटत नाही. वारा बाभळीवर रागावला नव्हता. तो आला आणि गेला. डूख धरतात ती माणसं, आणि कानाडोळा करतात तीही माणसंच.

महिपती हा आमच्या गावचा नावाजलेला मापकरी. सुगी आली की शेताशेतात खळी तयार व्हायची. खळं म्हणजे शेणानं सारवलेली गोल जागा. तिथं जोंधळ्याची कणसं बैलांच्या पायाखाली मळायची, वाऱ्यावर धरून भूस उडवायचं आणि दाण्याची रास लावायची. रास लागली की माणूस पळत महिपतीला बोलवायला यायचा. महिपती मला काखेत मारून निघायचा. खळ्याच्या कडेला पायताण काढायचा, राशीला हात जोडायचा, गुडघे टेकायचा आणि मला राशीत खुपसायचा.

“लाभ!” तो ओरडायचा. मग “दोन!” मग “तीन!”

पहिलं माप ‘एक’ म्हणून मोजत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. महिपतीला कुणी कारण विचारलं, तर म्हणायचा, “एक म्हनलं की एकटं पडतं.” आणि शेवटचं माप झालं की ‘संपलं’ म्हणायचं नाही. खळ्यावर ‘संपलं’, ‘नाही’, ‘रिकामं’ हे शब्दच काढायचे नाहीत. तिथं म्हणायचं, “भरपूर!” दहा पोती झाली तरी भरपूर, दोन शेर झाले तरी भरपूर. आणखी एक नियम होता. मला खळ्यावर कधी पालथं ठेवायचं नाही. माझं तोंड कायम आभाळाकडं.

मी माझ्या गुणांची बढाई मारत नाही, पण लोक म्हणायचे, “माप घ्यावं तर महिपतीच्या अधोलीचं.” सुतार, लोहार, कुंभार यांना देताना तो मला शीग लावून भरायचा, म्हणजे काठावर दाण्याचा डोंगर व्हायचा. त्या वेळी माझ्या अंगाला पन्नास पोरांचे हात लागायचे. मी जोंधळ्यानं घासून घासून आतून इतकी गुळगुळीत झाले, की दाणा माझ्यात पडला तरी आवाज होईना. तसे सुखाचे दिवस पुन्हा आले नाहीत.

महिपतीचा धाकटा भाऊ होता, हिंदुराव. तापट गडी. एकाहत्तरच्या सुगीत रास अगदीच थोडी निघाली. हिंदुरावानं चिडून मला लाथ मारली आणि खळ्याच्या मधोमध उभा राहून ओरडला, “संपलं! आटपा आता!” त्याच वर्षी पाऊस रुसला. बहात्तरचा दुष्काळ तुम्ही मोठ्यांच्या तोंडून ऐकला असेल. विहिरींना तळ दिसला. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेला जोंधळा, माझ्यात मापून घरोघर गेला. तो मिलो माझ्या अंगाला ओळखीचा वाटला नाही. हिंदुराव कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात लागला आणि त्यानं गावाकडं पाठ फिरवली ती कायमची.

महिपतीच्या मनात एकच गाठ बसली. भाऊ खळ्यावर ‘संपलं’ म्हणाला, म्हणून हे झालं. आता मला सांगा, अख्ख्या जिल्ह्याचा पाऊस एका माणसाच्या तोंडावर थांबतो होय? पण मला कोण विचारतंय. मी लाकूड.

तरी त्या दुष्काळाची एक गोष्ट होती. तो सगळ्यांचा होता. या गावचा माणूस त्या गावच्या माणसाशेजारी बसून खडी फोडायचा. दुःख वाटून घ्यायला शेजारी होते. गारपीट तशी नसते, मित्रांनो. ते मला पंचाहत्तर साली कळलं.

शिमग्याला पंधरा दिवस होते. पीक बरं होतं. दुष्काळानंतर महिपतीनं मला पहिल्यांदाच तेल लावून पुसलं होतं. अर्ध्या शेतातला जोंधळा काढून कणसं खळ्यावर आली होती, अर्धा अजून उभा होता. दुपार टळली आणि उत्तरेकडून काळसर हिरवा ढग आला. बजाबाई, महिपतीची बायको, कणसांवर गोधडी टाकायला धावली. तेवढ्यात टप् करून पहिली गार माझ्या कड्यावर आपटली. मग आवाजच राहिला नाही, नुसता गोंगाट. पाव तास. लिंबाएवढ्या गारा. माझं तोंड आभाळाकडं होतं, म्हणून मी काठोकाठ भरले. आयुष्यात पहिल्यांदा मी जोंधळ्याशिवाय दुसऱ्याच कशानं तरी शिगेला गेले.

ढग गेला तेव्हा ऊनही पडलं. पांढऱ्या शेतावर ऊन. उभा जोंधळा आडवा होऊन मातीत गेला होता. चिमण्या, पारवे, कावळे झाडांखाली पडले होते. कोंडीबा धनगर, महिपतीचा जुना दोस्त, त्याच्या चौदा मेंढ्या ओढ्यात मेल्या होत्या. पुढच्या दोन दिवसांत खळ्यावरची कणसं आतून तापली, दाणा काळा पडला आणि आंबूस वास सुटला. कडबा बुरशीनं पांढरा झाला. महिपतीचे दोन बैल तो हुंगायचे आणि मान फिरवायचे.

आणि मंद्रूपच्या रस्त्यापलीकडं एक गारही पडली नव्हती. तिथले जोंधळे वाऱ्यावर डुलत होते. गारपीट अशी पट्टा धरून येते. एका बांधावर सत्यानाश, पुढच्या बांधावर सुगी. पलीकडचे लोक खळ्यावर गाणी म्हणत होते आणि ती आमच्या गावाला ऐकू येत होती. त्यांची चूक काही नव्हती. पण असं एकटं पडणं मी कुठल्या दुष्काळात पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जीप आली. पाहणीला आलेला साहेब खाली उतरला. सरकारकडून बैलांना चारा आणि पेरणीला बियाणं मिळणार होतं, पण ज्या गावाचं नाव यादीत जाईल त्यालाच. यादी साहेबाच्या हातात होती. महिपतीचं खळं रस्त्याकडेला, आणि त्याचा शब्द गावाचा शब्द, म्हणून साहेब तिथंच आला.

“साहेब, बूट काढा. खळं हाय,” बजाबाई म्हणाली.

साहेबानं लगेच बूट काढले. राशीच्या जागेला हातही जोडले. हे नीट लक्षात ठेवा. तो साहेब परका नव्हता. आपल्याच जिल्ह्यातल्या जोंधळा पिकवणाऱ्याचा मुलगा होता तो. त्याला खळं कळत होतं.

“काय महिपतराव, किती राहिलं?”

महिपती त्या काळ्या कणसांच्या ढिगापाशी उभा होता. मग तो म्हणाला, “भरपूर, साहेब.”

“भरपूर?”

“व्हय. भरपूर हाय.”

साहेबानं त्याच्याकडं पाहिलं, ढिगाकडं पाहिलं, आणि लिहिलं. आणखी तीन खळ्यांवर गेला. तिथंही म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं. भरपूर. महिपतीचा अंगठा पंच म्हणून कागदावर उठला.

कोंडीबा जीपच्या मागं पळाला. “ओ साहेब, खळ्यावर भरपूर म्हंजी काय, ह्ये तुमास्नी ठावं हाय की!”

“ठाऊक आहे,” साहेब म्हणाला. “पण मी काय लिहू? माणूस भरपूर म्हणाला, मी भरपूर लिहिलं.”

मित्रांनो, न कळणाऱ्या माणसाला मी एक वेळ माफ करीन. याला कळत होतं. याला मी माफ करणार नाही.

दहा दिवसांत यादी लागली. आमचं गाव नव्हतं. शेजारचं कानडी बोलणारं गाव मात्र होतं. तिथं गारांच्या पट्ट्याची नुसती कड लागली होती. पण तिथली गंगम्मा नावाची म्हातारी जीपपुढं आडवी झाली होती आणि बोनेटवर हात आपटून ओरडली होती, “एनू इल्ला! एनू इल्ला!” काहीच नाही, काहीच नाही. त्या गावाला चाऱ्याच्या गाड्या निघाल्या. आमच्या महिपतीचे बैल तोवर घराच्या छपरातला जुनं पाचट ओढून खायला लागले होते. थोरल्या बैलाच्या बरगड्या मोजता येत होत्या. आणखी दोन आठवडे चारा आला नसता, तर तो बसला असता, आणि बसलेला बैल उठत नाही.

कोंडीबानं मंद्रूपच्या आठवडी बाजारात साहेबाला गाठलं. काय बोलला कोण जाणे. पण तोंडभर हसत महिपतीच्या घरी आला; तिथलं बोलणं मला मागाहून कळलं.

“म्हैपती, साहेब येतोय बुधवारी. एकदाच. म्हनला, ज्यानं भरपूर सांगितलं त्येनंच, त्याच जागी हुबं ऱ्हाऊन, न्हाय म्हनावं. मग कागुद बदलतो.”

महिपती काडीनं जमिनीवर रेघा ओढायला लागला.

“अवो, म्हना की,” बजाबाई म्हणाली. “काय अवघड हाय त्यात? संपलं. तीन अक्षरं.”

“घरात म्हनतो. संपलं. बघ, म्हनलो. खळ्यावर न्हाय म्हननार.”

“मग साहेबाला घरात बोलवा!”

“पाहनी जागेवरच हुती, वैनी,” कोंडीबा म्हणाला. मग डोकं खाजवून म्हणाला, “म्हैपती, कानडीत सांग की. एनू इल्ला. आपल्या खळ्याला कुटं कानडी येतंय?”

बजाबाई हसली. महिपतीसुद्धा हसला. गारा पडल्यापासून तो पहिल्यांदाच हसला. पण लगेच म्हणाला, “खळ्याला समदं कळतं.”

“खळ्याला कळतं, साहेबाला कळतं, बैलाला बी कळतं,” बजाबाई चिडून म्हणाली. “कळत न्हाय ते तुमास्नीच. बांगडी फुटली की आमी वाढवली म्हनतो. मीठ सरलं की वाढलं म्हनतो. म्हनून काय हात भरला, का मडकं भरलं?”

“हिंदुराव म्हनला हुता,” महिपती एवढंच बोलला आणि उठून बैलांकडं गेला.

बुधवार आला. सगळं गाव खळ्याच्या कडेनं उभं राहिलं. सगळे अनवाणी. मी खळ्याच्या मधोमध होते, तोंड आभाळाकडं, कारण महिपतीनं मला तिथून उचललंच नव्हतं. साहेब आला, बूट काढले, कागद उघडला.

“हं, महिपतराव. सांगा. किती राहिलं?”

वारा पडला होता. महिपतीच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. पहिलं अक्षर जिभेवर आलं असावं, कारण त्याच्या दातांतून नुसता ‘स’ निघाला. मग त्यानं डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं, पण शब्द आला नाही.

“साहेब,” तो शेवटी म्हणाला, “भर…”

तेवढ्यात बजाबाई खळ्यात शिरली. खळ्यावर बायका राबत, खुडत, पाखडत, पण मापाला कधी हात लावत नसत. वीस-पंचवीस वर्षांत मला बाईचा हात लागला नव्हता. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं. तिचे हात खरबरीत होते. तिनं मला साहेबापुढं आणलं, आणि सगळ्या गावादेखत, सारवलेल्या खळ्यावर, पालथं घातलं.

कुणीतरी “अगं!” म्हणालं.

मी अंधारात गेले. ओल्या शेणाचा, कुजक्या दाण्याचा वास माझ्या तोंडात भरला. बाहेरचं दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

“साहेब,” बजाबाईचा आवाज आला, “त्येंच्या तोंडानं ह्ये निघायचं न्हाय. म्हनून म्या मापाला बोलाया लावलं. पालथं घातलंय. तुमच्या घरी बी जोंधळाच पिकतोय न्हवं? मग पालथ्या मापाचा अर्थ तुमी सांगा ह्या गावाला.”

मग साहेब हळू म्हणाला, “अर्थ कळला हो, बाई. पण लिहू काय? माप पालथं, असा कागदावर रकाना नाही.”

“भरपूरला हुता व्हय रकाना?” कोंडीबा ओरडला.

गाव हसलं. रडता रडता हसलं. आणि मला पेनाचा आवाज ऐकू आला. एक लांब ओरखडा. खोडल्याचा. मग पुढं बारीक खरखर.

सातव्या दिवशी कडब्याच्या गाड्या आल्या. जूनमध्ये बियाणंही आलं. थोरल्या बैलाच्या बरगड्या बुजल्या, धाकटा माजला. पुढच्या सुगीला रास लागली, भली मोठी.

आता तुम्हाला वाटेल, माझी आरती झाली असेल. ऐका.

महिपतीनं मंद्रूपहून पत्र्याचं नवं माप आणलं. बजाबाई म्हणाली, “अवो, हिच्यामुळं बैल जगले की.”

“व्हय,” महिपती म्हणाला. “म्हनूनच. पालथी पडलेली ती. तिला आता रास दावू नगा.”

त्यानं मला स्वतः उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि माजघरातल्या उंच कोनाड्यात ठेवलं. पालथं. एकदा खळ्यावर पालथं पडलेलं माप पुन्हा उताणं ठेवत नाहीत म्हणे. हा नियम मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. कदाचित त्यानंच केला असेल. माणसं भ्याली की नियम लवकर होतात.

गावातली बाकीची माणसंही माझ्याकडं तसंच बघायला लागली. पोरांना सांगायची, “हात लावू नगंस तिला.” मी खोटं बोलले असते तर मला तेल लावून राशीवर नेलं असतं. खरं बोलले म्हणून कोनाड्यात गेले. दर सुगीला महिपती खळ्यावर जाताना कोनाड्याखाली थांबायचा, हात वर करून माझ्या बुडावर दोन बोटं टेकवायचा आणि निघून जायचा. बोलायचा काहीच नाही. त्या दोन बोटांवर मी वर्ष काढायची. मग एका सुगीला बोटं टेकली नाहीत. घरात बायका रडत होत्या, एवढं मला कळलं.

अठ्ठ्याऐंशी साली पुन्हा गारा आल्या. आवाज मी कोनाड्यातून ऐकला. पण या वेळी गाव शहाणं झालं होतं. जीप यायच्या आतच माणसं रस्त्यावर गेली आणि ओरडली, “गेलं! समदं गेलं! बघून घ्या!” बजाबाई सगळ्यांच्या पुढं होती म्हणे. त्याच दिवशी नाव यादीत गेलं. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पण त्यांना ‘गेलं’ म्हणायला कुणी शिकवलं, हे एकालाही आठवलं नाही. घरात येऊन बजाबाईनं वर पाहिलं का, ते मला माहीत नाही. माझं तोंड खाली होतं.

मित्रांनो, गारा थांबवणं तुमच्या हातात नाही. दुष्काळ, अवकाळी, वादळ, काहीच नाही. पण शेतकरी संकोचानं ‘भरपूर’ म्हणाला, तर त्याच्या खळ्याकडं डोळे उघडून बघणं तुमच्या हातात आहे. तुम्ही उद्या साहेब व्हाल. बूट काढाल, हात जोडाल, आणि कळत असूनही खोटं लिहाल, तर तुमचे ते जोडलेले हात जळोत. आणि तुम्ही शेतकरी व्हाल, तर राशीशी काय गोड बोलायचं ते बोला. माणसाशी मात्र नाही ते नाही म्हणा.

आणि एक मागणं आहे. आजोळी गेलात, आणि एखाद्या कोनाड्यात एखादं लाकडी माप पालथं पडलेलं दिसलं, तर थोरांना विचारत बसू नका. ते नको म्हणतील. स्टूल घ्या, वर चढा आणि त्याला सरळ करा. आत काही सापडणार नाही. थोडी खळ्याची माती असेल. ती झाडू नका.